फरकाला नऊने भाग जातो का?

बँकेत संध्याकाळी हिशेब जुळला नाही, की आमचे जुने हेडक्लार्क चष्मा कपाळावर सरकवून एकच प्रश्न विचारत, "फरकाला नऊने भाग जातो का, बघा." जात असेल, तर कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केली, ५४ च्या जागी ४५ लिहिले, असा संशय घ्यायचा. निवृत्तीनंतर ही युक्ती पुन्हा उपयोगी पडेल, आणि तीही एका अवकाशयानासाठी, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

'स्टार ट्रेक' ही मालिका अमेरिकेत १९६६ साली सुरू झाली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पाहिल्याचे अनेकांना आठवत असेल. तिच्यातल्या 'एंटरप्राइझ' यानाच्या अंगावर ठळक क्रमांक होता, एनसीसी १७०१. यानाची रचना करणारे मॅट जेफरीज स्वतः विमान चालवत. अमेरिकेतल्या नागरी विमानांवर पूर्वी 'एनसी' ही अक्षरे असत. जेफरीजनी त्यांना आणखी एक 'सी' जोडला. आकडे निवडताना त्यांनी ३, ६, ८, ९ टाळले, कारण पडद्यावर लांबून ते एकमेकांसारखे दिसतात. सगळा कसा साधा, व्यवहारी मामला!

पण १९६७ साली एका भागात 'कॉन्स्टेलेशन' नावाचे मोडके यान आले. दिसायला एंटरप्राइझचे जुळे भावंड, क्रमांक मात्र १०१७. झाले, वादाला तोंड फुटले. एकाच बनावटीची दोन याने, मग क्रमांकांत जवळजवळ सातशेचे अंतर कसे? कुणी म्हणाले, हे यान जुन्या बनावटीचे, नंतर दुरुस्त करून नवे केलेले. कुणी म्हणाले, क्रमांक ओळीने देतच नसत.

मी कागद घेऊन वजाबाकी केली. १७०१ वजा १०१७, उत्तर ६८४. नऊने भागले. भागाकार ७६, बाकी शून्य! हेडक्लार्क असते तर गालात हसले असते. खरी हकीकतही तशीच होती. चित्रीकरणासाठी वापरलेले हे यान म्हणजे दुकानात मिळणाऱ्या संचातून जोडलेले मॉडेल. त्यासोबत येणाऱ्या १७०१ याच चिकटवायच्या आकड्यांची जागा बदलून १०१७ केले होते.

तुम्ही म्हणाल, मग वाद मिटला. छे! आकडा का चुकला हे कळले, तरी त्या जगात तो खरा कसा ठरवायचा, हा प्रश्न उरलाच. दुसरे एक यान 'लेक्सिंग्टन'. १९७५ साली आलेल्या फ्रान्झ जोसेफ यांच्या तांत्रिक पुस्तिकेत त्याचा क्रमांक १७०३. त्याच दशकात एका चाहत्याने, मालिकेत भिंतीवर ओझरता दिसलेला आकड्यांचा तक्ता यानांच्या नावांशी ताडून वेगळी यादी केली. तिच्यात लेक्सिंग्टन १७०९. पुढे १९९४ च्या अधिकृत कोशातही १७०९ च छापले गेले. तरी पुस्तिकेवर श्रद्धा असणारे हटले नाहीत.

"यांना दुसरा उद्योग नाही का?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. वास्तविक याच मंडळींच्या पत्रांच्या माऱ्यामुळे १९७६ साली अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलचे ठरलेले 'कॉन्स्टिट्यूशन' हे नाव बदलून 'एंटरप्राइझ' झाले. पण हे उत्तर माझ्या तोंडून निघाले नाही, कारण तोच प्रश्न मीही एकदा एका माणसाला जवळजवळ तसाच विचारला होता.

माझी पहिली कादंबरी आली तेव्हा एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. वळणदार अक्षर. तिसऱ्या प्रकरणात नायिकेच्या मृत वडिलांचा खाते क्रमांक ४१२ आहे, अकराव्यात तोच ४२१ झाला आहे. 'मुलगी पासबुक घेऊन बँकेत गेली, तर तिला वडिलांचे पैसे मिळायचे कसे?' असे त्यांनी विचारले होते. मी ऐटीत उत्तर धाडले, 'कादंबरी म्हणजे लेजर नव्हे.' त्यांचे पुन्हा पत्र आले नाही.

दहा पैशांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत शाखेत बसणारा मी! ते पैसे खऱ्या माणसांचे होते, म्हणून बसत होतो. त्या गृहस्थांच्या लेखी माझी नायिकाही खरीच होती. त्यांना माझी चूक काढायची नव्हती, त्या पोरीची काळजी लागली होती. लेखकाला याहून मोठे काय मिळायचे असते? १०१७ वरून भांडणारी मंडळी मला आता रिकामटेकडी वाटत नाहीत. ज्या जगावर आपला जीव आहे, त्याचा हिशेब जुळला पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

दुसऱ्या आवृत्तीत मी तो आकडा गुपचूप दुरुस्त केला. बँकेत मात्र आकडा खोडला की शेजारी सही करावी लागे. ती राहिलेली सही आज इथे करतो.

आणि हो, ४२१ वजा ४१२, बरोबर नऊ.