अंगठा नेमका कुठं दुखतो?

‘सायकल चालवली की हात दुखतो’ एवढ्यावरून कुणालाच उपाय सांगता येत नाही. दुखरा हात समोर धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या एकाच बोटानं जागा दाखवायची. करंगळीकडची बाजू, अंगठ्याचं मूळ, की त्याच्या वर मनगटाची कड? डोंगरवाटांवर सायकल चालवणाऱ्याला या तीन जागा वेगळ्या ओळखता आल्या, की सायकलचा कुठला स्क्रू सैल करायचा हेही बहुतेकदा कळतं.

करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर अंगठ्याचा संबंध नाही. मनगटापाशी, तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखाली, अल्नर मज्जातंतू एका अरुंद बोगद्यातून जातो. फ्रेंच शल्यविशारद फेलिक्स गियॉन यांनी १८६१ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून तो गियॉनचा बोगदा. हँडलवर अंगाचा भार टाकून बसलं की हा मज्जातंतू दबतो. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर माणूस सारखा पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला मागे रेटत राहतो. म्हणून आधी सीट समतल करायची, मग हँडल थोडं उंच करता येतं का ते बघायचं. सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा दोन-तीन दिवस टिकला किंवा चिमटीतली ताकद गेल्यासारखी वाटली, तर डॉक्टरांकडे जावं.

अंगठ्याचं दुखणं वेगळं आहे, आणि त्याकडे दुर्लक्षही जास्त होतं. माउंटन बाइकवर अंगठ्याला दोन कामं एकदम करावी लागतात. खडबडीत उतारावर हँडलला खालून विळखा घालून हात निसटू द्यायचा नाही, आणि त्याच वेळी गिअरची कळ दाबायची. सीट खाली-वर करणारा ड्रॉपर पोस्ट असेल तर डाव्या अंगठ्यालाही सुट्टी नाही.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून असलेला सांधा खोगिराच्या आकाराचा असतो. त्यामुळे अंगठा जवळजवळ सगळीकडे वळतो, पण त्या मोकळेपणाची किंमत हा सांधा मोजतो, कारण त्याला जागेवर धरून ठेवायला मुख्यतः अस्थिबंधच असतात. शिवाय टोकाला लागलेला जोर मुळाशी कित्येक पटींनी वाढून पोचतो. कूनी आणि चाओ यांनी १९७७ मध्ये हा हिशेब मांडला होता: चिमटीत १ किलोचा जोर लावला, तर मुळाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा दाब येतो. चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, हा सांधा झिजलेला असणं अगदी सामान्य आहे. मग प्रत्येक गिअरला कळ येते.

म्हणून पहिली तपासणी शिफ्टरची. दुकानातून आलेल्या सायकलवर तो कुठंतरी बसवलेला असतो, तुमच्या हाताच्या मापानं नव्हे. नेहमीसारखी पकड घ्या आणि तळहात न हलवता अंगठा कळीवर न्या. तो ताणावा किंवा आत मुडपावा लागत असेल, तर ॲलन कीनं क्लॅम्प सैल करून शिफ्टर आत-बाहेर सरकवा, थोडा फिरवा. शिमानोच्या बऱ्याच शिफ्टरांत छोटी कळ तर्जनीनंही ओढता येते, आणि हे कित्येकांना वर्षानुवर्षं ठाऊक नसतं. अंगठा दुखत असेल तर ते काम तर्जनीला द्या. स्रॅमच्या नेहमीच्या ट्रिगर शिफ्टरात दोन्ही कळी अंगठ्यानंच दाबायच्या असतात, तिथं ही सोय नाही.

आणि केबल! पावसाळ्यात सह्याद्रीतल्या वाटांवरचा लाल चिखल केबलच्या आउटरमध्ये शिरतो, वाळतो, आणि पुढं प्रत्येक गिअरला अंगठा आधी त्या घाणीशी झगडतो. गिअर हळूहळू जड होत जातो म्हणून लक्षात येत नाही. केबल आणि आउटर दोन्ही बदलून बघा. अंगठ्याच्या दुखण्यावर याहून स्वस्त इलाज मला माहीत नाही. २०१९ मध्ये स्रॅमनं माउंटन बाइकसाठी बिनतारी गिअर आणले, त्यांचं बटण फार हलकं असतं. पण तेवढे पैसे घालण्याआधी नवी केबल टाकून पाहावी.

तिसरी जागा मनगटाच्या कडेला, अंगठ्याच्या रेषेत. अंगठा उचलणारे दोन स्नायुबंध तिथं एका तंग आवरणातून जातात. तेच तेच काम करून ते आवरण जाड होतं आणि बंध त्यात घासतात. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हां यांनी १८९५ मध्ये याची नोंद केली, आजाराला नाव त्यांचंच. अंगठा मुठीत घ्या आणि मनगट हळूच करंगळीकडे झुकवा. थोडा ताण सगळ्यांनाच जाणवतो, म्हणून दोन्ही हातांची तुलना करा. एकाच बाजूला सणसणीत चमक आली तर संशय घ्यायला जागा आहे.

इथं ब्रेक लिव्हर बघायची. भिंतीला टेकून सायकलवर उतारासारखे उभे राहा, कोपरं बाहेर, गुडघे सैल. कोपरापासून तर्जनीपर्यंतची रेघ मनगटात मोडत असेल तर लिव्हरचा कोन बदला. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकला एक बोट पुरतं, म्हणून लिव्हर इतकी आत सरकवा की तर्जनी तिच्या टोकाच्या आकड्यावर पडेल. बाकीची बोटं आणि अंगठा पकडीला मोकळा राहतो. हात लहान असतील तर लिव्हर जवळ आणणारा छोटा स्क्रू असतो, तोही फिरवा.

हात दुखू लागले की लोक आधी जेलचे जाड ग्लव्ह्ज घेतात. माझ्या मते ती सगळ्यात शेवटी घ्यायची गोष्ट आहे. जाड ग्लव्हनं ग्रिपचा घेर वाढतो, घेर वाढला की मूठ जास्त आवळावी लागते, आणि तो जोर पुन्हा अंगठ्याच्या मुळावर जातो. फार बारीक ग्रिपही हात आखडवते. दोन-तीन जाडीच्या ग्रिप हातात धरून बघाव्यात.

हादरे कमी करण्यात टायरची हवा मोठं काम करते. पंपवाला दगडासारखी टणक हवा भरून देतो, ती डांबरावर ठीक. पासष्ट-सत्तर किलोच्या माणसानं ट्यूब असलेल्या २.२ इंची टायरमध्ये २८ ते ३२ पीएसआयपासून सुरुवात करावी. हवेचा फोर्क असेल तर अंगाच्या वजनानं तो एकूण चालीच्या २० ते २५ टक्के दबायला हवा, म्हणजे १२० मिलिमीटरच्या फोर्कला २४ ते ३०. उतारावर वजन पायांवर, हातात फक्त दिशा. वळणाआधी ब्रेक दाबून वळणात सोडले, तर मुठीला मधूनमधून सैल व्हायला मिळतं. सिंहगडाच्या घाटरस्त्यासारख्या लांब उतारावर सतत ब्रेक धरून बसण्यापेक्षा एकदोनदा थांबावं. अंगठा मात्र हँडलच्या वर ठेवू नये, एका खड्ड्यात हात सुटतो.

एवढं करूनही दुखलं तर काही आठवडे सायकल बाजूला, अंगठ्याला आधार देणारा पट्टा, आणि हाताच्या डॉक्टरांचा सल्ला. द केर्व्हांच्या दुखण्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन बऱ्याच जणांना लागू पडतं.

पडल्यानंतरचं दुखणं मात्र यांपैकी कशातच धरू नका. अंगठा ताणल्यावर मनगटापाशी जो खळगा दिसतो, तिथं दाबून दुखत असेल तर स्कॅफॉइड हाड मोडलेलं असू शकतं. त्याचा रक्तपुरवठा तुटपुंजा असल्यानं उपचार लांबले तर ते न जुळण्याची भीती असते. अंगठ्याचा मधला सांधा तर्जनीकडच्या बाजूनं दुखत असेल आणि चिमूट धरताना अंगठा लचकत असेल, तर तिथला अस्थिबंध फाटलेला असू शकतो. दोन्हींत चोळणं, ओढून बसवणं नको. स्कॅफॉइडची चीर पहिल्या क्ष-किरणात अनेकदा दिसत नाही. खळग्यात दुखणं असेल तर फोटो स्वच्छ आला तरी मनगट आणि अंगठा आधारात ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा लागतो.