रिकामा फोल्डर डिलीट करू का?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहणार भंडारा. त्यामुळे ओळखीपाळखीतून एक प्रश्न हमखास येतो: "डेस्कटॉपवर आपोआप रिकामे फोल्डर येतात, उडवू का?" थांबा. आधी चार गोष्टी बघा.

नाव: 'न्यू फोल्डर २', '३' अशी रांग लागली असेल तर कीबोर्ड तपासा. कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकत्र दाबले की नवा फोल्डर बनतो. बटण अडकलं, तर बनतच राहतात.

साइज: राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. आत काही दिसत नाही, पण साइज शून्य नाही? म्हणजे फाइली लपल्यात. झेरॉक्सच्या दुकानात, सेतू केंद्रात फिरून आलेल्या पेनड्राइव्हमधले व्हायरस हाच खेळ करतात. असा फोल्डर उडवला, तर स्कॅन केलेला सातबारा आणि जातीचा दाखलाही गेला समजा! व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स' चालू करा, अँटीव्हायरसनं पूर्ण स्कॅन करा, मगच कामाच्या फाइली कॉपी करा.

वेळ: प्रॉपर्टीजमध्येच 'क्रिएटेड' दिसतं. रोज त्याच वेळी फोल्डर येत असेल, तर तेव्हा कोणतं ॲप सुरू होतं ते शोधा.

जागा: एप्रिल २०२५ च्या विंडोज अपडेटनंतर सी ड्राइव्हमध्ये 'आयनेटपब' नावाचा रिकामा फोल्डर आला. लोकांनी तो कचरा समजून उडवला. पण तो सुरक्षेसाठीच होता. डिलीट करू नका, असं मायक्रोसॉफ्टनंच सांगितलं.

डेस्कटॉपवर आहे, साइज शून्य, आत लपलेलंही काही नाही? मग उडवा बिनधास्त.