गर्भाशयाची शस्त्रक्रिया आणि मूत्रमार्गाची सुरक्षितता

गर्भाशय काढून टाकणे ही देशातील स्त्रियांवरील प्रमुख शस्त्रक्रियांपैकी एक होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ३.३ टक्के स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. या शस्त्रक्रियेत मूत्रमार्गाला इजा होण्याचा धोका साधारणपणे शेकडा एकच्या आसपास असतो. मात्र इजा केव्हा लक्षात येते, यावर रुग्णाचे आरोग्य व कुटुंबाचा खर्च अवलंबून असतो.

धोक्याचे कारण

मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी मूत्रवाहिनी गर्भाशयमुखापासून अवघ्या दीड-दोन सेंटीमीटर अंतरावर, गर्भाशयाच्या धमनीखालून जाते. गर्भाशय काढताना हीच धमनी बांधावी लागते. मूत्राशयही गर्भाशयाच्या पुढील बाजूस लागूनच असतो. पूर्वीचे सिझेरियन, मोठ्या गाठी अथवा कर्करोग यांमुळे धोका वाढतो. मूत्राशयाची इजा तुलनेने अधिक वेळा होते. पण ती बहुधा शस्त्रक्रियेच्या वेळीच दिसते. मूत्रवाहिनीची इजा अनेकदा नंतरच उघड होते.

विलंबाची किंमत

इजा तत्काळ ओळखल्यास त्याच वेळी दुरुस्ती होऊ शकते. विलंब झाल्यास योनीमार्गातून सतत मूत्र झिरपणे, जंतुसंसर्ग, प्रसंगी मूत्रपिंड निकामी होणे असे परिणाम संभवतात व दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. बंगळूरूमध्ये वाणी विलास हे स्त्रियांचे शासकीय रुग्णालय व नेफ्रो-युरॉलॉजी संस्था एकमेकांजवळ आहेत. सुमारे सहाशे किलोमीटरवरील कलबुर्गीच्या शेतमजूर स्त्रीला मात्र अशा उपचारासाठी दूरचा प्रवास करावा लागू शकतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास रुग्णालयीन उपचारांसाठी वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पण बुडालेली मजुरी व कौटुंबिक अवहेलना यांची भरपाई त्यातून होत नाही.

अनावश्यक शस्त्रक्रिया

शस्त्रक्रियाच अनावश्यक असेल, तर हा धोका पूर्णतः टाळण्याजोगा ठरतो. कलबुर्गीतील लंबाणी व दलित स्त्रियांच्या, तसेच २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचे निर्देश राज्यांना दिले.

उपाययोजना

औषधोपचाराचे पर्याय आधी वापरणे, रुग्णाला तिच्या भाषेत धोके समजावून संमती घेणे, शंका असल्यास शस्त्रक्रियेदरम्यानच दुर्बिणीने मूत्राशय तपासणे आणि जिल्हा पातळीवर मूत्ररोगतज्ज्ञ उपलब्ध करणे हे उपाय आवश्यक आहेत. शस्त्रक्रियेनंतर कंबरदुखी, ताप किंवा मूत्र झिरपण्याची तक्रार आल्यास ती किरकोळ न मानता त्वरित तपासणी झाली पाहिजे. विमा योजनांनी केवळ शस्त्रक्रियांची संख्या न मोजता त्यांची आवश्यकता आणि त्यानंतरची गुंतागुंतही नोंदविल्यास सार्वजनिक निधी व स्त्रियांचे आरोग्य या दोहोंचे रक्षण होईल.