काट्यांचा मुकुट : थोड्या पाण्यावर फुलणारे झाड

उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की पाणी आधी गुरांना, मग भाजीच्या वाफ्याला. अंगणातील फुलझाडे तशीच वाळतात. अशा घरी 'काट्यांचा मुकुट' लावून पाहावा. इंग्रजीत यास क्राउन ऑफ थॉर्न्स व शास्त्रात युफोर्बिया मिलि म्हणतात. कुंपणाचा शेर आणि नाताळात लाल होणारा पॉइनसेटिया हे याचे भाऊबंद. जाड खोडात पाणी साठवीत असल्याने हे झाड ओढ सोसते.

प्रभू येशूच्या मस्तकावरील मुकुट याच झाडाचा होता, असे काही जण समजतात. परंतु हे झाड मूळचे मादागास्कर बेटावरील आहे. मिलियस नावाच्या फ्रेंच गव्हर्नराने 1821 च्या सुमारास ते फ्रान्सला नेले, म्हणून 'मिलि' हे नाव. पवित्र भूमीतील त्या मुकुटासाठी अभ्यासक बोरीच्या जातीचे एक काटेरी झाड सांगतात.

लागवड : पाऊस सरल्यावर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये चार बोटे लांबीचा शेंडा कापावा. कापलेली बाजू पाण्यात बुडविली की चीक थांबतो. मग शेंडा चार-पाच दिवस सावलीत सुकू द्यावा; ओला लावल्यास कुजतो. तळाला भोक असलेल्या कुंडीत निम्मी माती, निम्मी जाड वाळू व मूठभर कुजलेले शेणखत घालून त्यात तो लावावा. नुसती काळी माती वापरू नये, तिच्यात पाणी धरून राहते.

निगा : कुंडीला रोज पाच-सहा तास ऊन हवे, नाहीतर फुले येत नाहीत. वरची माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. पाण्याच्या ओढीने पाने गळाली तरी झाड मेले असे समजू नये. गोव्यासारख्या मुसळधार पावसाच्या भागात कुंडी पागोळीपासून दूर, पडवीत ठेवावी. हे झाड तहानेपेक्षा मुळाशी साचलेल्या पाण्याने लवकर मरते.

चिकापासून सावध : फांदी मोडताच पांढरा चीक येतो. तो कातडीची आग करतो, पोटात गेल्यास अपाय करतो आणि डोळ्यात गेल्यास डोळा गंभीर दुखावतो. छाटणी करताना हातमोजे व चष्मा घालावा, मुलांना दूर ठेवावे. काम झाल्यावर हात व कात्री साबणाने धुवावीत. डोळ्यात चीक गेल्यास चोळू नये. दूध, मध किंवा एरंडेल घालू नये. स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. दुखणे थांबले तरी जावे, आणि कोणत्या झाडाचा चीक गेला ते सांगावे.

छाटलेल्या फांद्या विहिरीत, तळ्यात किंवा गुरांच्या वैरणीत टाकू नयेत. या चिकाने गोड्या पाण्यातील गोगलगायी मरतात, हे ब्राझीलमधील संशोधकांनी 1980 च्या दशकात दाखवून दिले आहे.

कुंडी मुलांच्या हाताबाहेर, उन्हाच्या कठड्यावर ठेवावी. एवढी काळजी घेतली की वर्षातील बरेच महिने अंगणात रंग राहील, आणि विहिरीवर भारही पडणार नाही.