आकडा अठ्ठ्याण्णव, मग दम का लागतो?

मैत्रिणींनो, २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्यापैकी अनेकींच्या घरी एक छोटा चिमटा आला. बोटाला लावायचा, आकडा वाचायचा, पंच्याण्णवच्या वर असला की हुश्श म्हणायचं. साथ ओसरली आणि चिमटा कपाटात गेला. पण अधूनमधून तो बाहेर निघतो, आणि बहुधा घरातल्या बाईसाठीच. तिला जिना चढताना धाप लागते, दळणाचा डबा उचलला की डोळ्यांपुढे अंधारी येते. चिमटा दाखवतो अठ्ठ्याण्णव. "काही नाही झालं, मनाचे खेळ!" असा निकाल लागतो. लातूरच्या माझ्या नणंदेच्या बाबतीत हा निकाल वर्षभर टिकला. मग रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन साडेसात!

हे कसं होतं ते नीट समजून घेऊ या.

हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो. आपण सोडतो त्या श्वासातही जवळजवळ १६ टक्के उरतोच. फुप्फुसात नळ्यांना फाटे फुटत फुटत शेवटी द्राक्षाच्या घडासारखे इवले वायुकोश लागतात. ते कोट्यवधी असतात. सगळे उलगडून पसरले तर सत्तर चौरस मीटरच्या आसपास जागा व्यापतील, म्हणजे एका ऐसपैस ब्लॉकएवढी! त्यांचा पडदा इतका तलम की प्राणवायू आपसूक पलीकडच्या रक्तात झिरपतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड अलीकडे येतो. जिथे जास्त तिथून कमीकडे, एवढाच नियम.

इथवर बहुतेकींचं ठीकच चालतं. अडतं ते पुढे, वाहतुकीत.

शिकवणीच्या मुली विचारतात, "बाई, प्राणवायू साखरेसारखा रक्तात विरघळून जात नाही का?" जातो, पण किती? १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर. हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त फिरवतं, म्हणजे हाती आले १५ मिलिलिटर. आणि नुसतं बसून राहिलं तरी शरीराला मिनिटाला अडीचशे लागतो! म्हणून तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन आहे. त्याच्या प्रत्येक रेणूत लोहाच्या चार जागा, प्रत्येक जागेवर एक प्राणवायू.

लातूरकरणींना २०१६ ची जलदूत गाडी आठवत असेल. मिरजेहून पाणी घेऊन पहिली गाडी १२ एप्रिलला आली, दहा वाघिणी, एकेकीत सुमारे पन्नास हजार लिटर. आता समजा, गाडीला पाचच वाघिणी जोडल्या, पण सगळ्या काठोकाठ भरल्या. "वाघिणी भरल्यात का?" असं विचारलं तर उत्तर येईल, शंभर टक्के. पण पाणी मात्र निम्मं! बोटावरचा चिमटा हेच विचारतो. हिमोग्लोबिन किती भरलंय ते तो सांगतो, मुळात आहे किती ते नाही. हिमोग्लोबिन १५ असेल तर १०० मिलिलिटर रक्त सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू नेतं. साडेसात असेल तर दहाच. मग हृदय फेऱ्या वाढवतं. ती छातीतली धडधड खरी असते बरं, मनाची नव्हे.

आणि हे दुर्मीळ मुळीच नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त!

जाता जाता एक धोक्याची गोष्ट. बाळंतिणीची खोली, दारं-खिडक्या घट्ट बंद आणि आत निखाऱ्यांची शेगडी, हे आपल्याकडे अजून चालतं. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने चिकटतो आणि जागा सोडत नाही. त्याला वास नाही, आणि चिमटा तेव्हाही अठ्ठ्याण्णव दाखवू शकतो. शेक द्यायचाच तर गरम पाण्याची पिशवी घ्या. निखारे बंद खोलीत नकोतच.

आता रक्ताकडे वळू. हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या. बारापेक्षा कमी, गरोदरपणी अकरापेक्षा कमी, म्हणजे रक्तक्षय. पाळीत अंगावरून फार जात असेल तर डॉक्टरांना संकोच न करता सांगा. कारण बऱ्याचदा तिथेच असतं. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. किनवट-माहूरकडे सिकलसेलही आढळतो, म्हणून शेजारणीच्या गोळ्या परस्पर सुरू करू नका.

गुळाचा खडा खाऊन हिमोग्लोबिन चढत नाही, हे मी सासूबाईंच्या मर्जीविरुद्ध सांगते. पालेभाज्या, तीळ, कारळाची चटणी, डाळी, मोडाची मटकी जेवणात ठेवा, वर लिंबू पिळा. लिंबामुळे लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो लोह अडवतो. मटण-मासे चालत असतील तर उत्तमच. खूपच कमी असेल तर नुसत्या आहाराने भागत नाही, डॉक्टर गोळ्या देतील. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा-दुधाबरोबर नको. बरं वाटलं म्हणून महिन्याभरात सोडू नका. हिमोग्लोबिन भरल्यावरही शरीराचा लोहाचा साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, त्याने घाबरू नका. पोटात मळमळलं तर बंद न करता डॉक्टरांना विचारून जेवणानंतर घ्या.