अधिकाऱ्याचें बांधील कर्तव्य

सरकारी अंमलदाराच्या हातीं जीं कामें असतात तीं सगळीं एका जातीचीं नसतात. कांहीं कामांत कायदा त्याच्या विवेकावर भरंवसा ठेवितो. अमुक परवाना द्यावा कीं न द्यावा, हें त्यानें सारासार पाहून ठरवावयाचें. दुसरीं कामें अशीं कीं, ठराविक गोष्ट घडली म्हणजे ठराविक कृति त्यानें केलीच पाहिजे. तेथें मर्जीला वाव नाहीं. या दुसऱ्या जातीस बांधील कर्तव्य म्हणावें. हा भेद केवळ वकिलांच्या कामाचा नव्हे. सामान्य गृहस्थाचें घरदारही पुष्कळदां त्यावर अवलंबून असतें.

अलिबाग तालुक्यांतील चौल हें नारळी-पोफळीच्या वाड्यांचें गांव. तेथील एखादा वाडीवाला वारला, मागें पत्नी व मुलें राहिलीं, आणि सात-बाराच्या उताऱ्यावर नांव अद्यापि मयताचेंच आहे, अशी कल्पना करावी. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें व वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. अशा प्रसंगीं भरपाई मागावयाची तर पहिला प्रश्न, दप्तरीं नांव कोणाचें?

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचें कलम १४९ सांगतें कीं, वारसानें तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास तोंडी अथवा लेखी वर्दी द्यावी, आणि तलाठ्यानें तिची लेखी पोंच ताबडतोब द्यावी. कलम १५० प्रमाणें त्यानें ती वर्दी फेरफाराच्या नोंदवहींत लिहावी, नोंदीची नक्कल चावडींत ठळक जागीं लावावी व संबंधितांस लेखी कळवावें. येथील प्रत्येक ‘द्यावी’ आणि ‘लावावी’ ही आज्ञा आहे. “पुढच्या महिन्यांत या,” असें म्हणण्याची मुभा या शब्दांत कोठेंच नाहीं.

आतां मयताचा भाऊ येऊन म्हणाला कीं, “वाडी सामाईक आहे, वहिनींचें नांव लावूं नका,” तर काय करावें? तलाठ्यानें वर्दी दाबून ठेवावयाची नाहीं, व भावाला हांकून द्यावयाचेंही नाहीं. हरकत विवादग्रस्त प्रकरणांच्या वहींत लिहून घ्यावी आणि तिचीही पोंच द्यावी. खरें कोणाचें, हें पुरावा पाहून ठरविण्याचें काम अव्वल कारकुनाहून खालच्या दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याचें. तेथें विवेक आला. परंतु तेथेंही निकाल कोणता द्यावा यापुरतीच मोकळीक आहे. निकाल द्यावा कीं नाहीं, यांत ती नाहीं.

अंधेरीच्या एका चित्रपटगृहाच्या खटल्यांत हेंच तत्त्व स्पष्ट झालें. बांधकामाची दिलेली परवानगी १९४७ त सरकारच्या हुकुमावरून रद्द झाल्याचें मुंबईच्या पोलीस कमिशनरांनीं कळविलें. सर्वोच्च न्यायालयानें १९५१ त ठरविलें कीं, नियमानें हा अधिकार कमिशनरांचा. तेव्हां निर्णय त्यांनीं स्वतः विचार करून केला पाहिजे. तो कोणता करावा, हें न्यायालयानें सांगितलें नाहीं. करण्याचें मात्र टाळूं दिलें नाहीं.

कर्तव्य करावयास लावणाऱ्या अशा हुकुमास परमादेश म्हणतात. १८७७ च्या विशिष्ट दाद कायद्याच्या ४५ व्या कलमानें मुंबईच्या उच्च न्यायालयास तसा हुकूम देतां येई, पण मुंबई शहराच्या हद्दीपुरता. खाडीपलीकडील कुलाबा जिल्ह्यांतल्या चौलकराला तो दरवाजा बंद होता. २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अमलांत आली आणि २२६ व्या अनुच्छेदानें तो साऱ्या राज्याला खुला झाला.

मात्र न्यायालय प्रथम विचारतें कीं, अर्जदारानें मागणी केली होती काय, व ती नाकारली गेली काय? म्हणून तोंडी वर्दी चालत असली तरी ती लेखी द्यावी व पोंच मागून घ्यावी. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें अधिसूचित सेवांना मुदत घातली आहे; सबळ कारणावांचून कसूर करणाऱ्यास ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

हें बंधन अंमलदारालाही तारक आहे. गांवांतील वजनदार मनुष्यानें “नोंद थांबवा” म्हणून गळ घातली, तर “तें माझ्या हातीं नाहीं,” हें त्याचें उत्तर अक्षरशः खरें असतें. आणि चावडीवर आलेल्या विधवेनेंही हें जाणावें कीं, ती कोणाचा उपकार मागत नाहीं; जें कायद्यानें आधींच ठरवून ठेविलें आहे तेवढेंच ती मागत आहे.