मेस्कल

घायपातीच्या प्रजातीतील (ॲगेव्ह, कुल-ॲस्पॅरॅगेसी) वनस्पतींचे गड्ड्यासारखे खोड भाजून, ठेचून, आंबवून व नंतर ऊर्ध्वपातन करून मेक्सिकोत तयार करण्यात येणारे मद्य. हे नाव नावाट्ल भाषेतील ‘मेट्ल’ (घायपात) व ‘इक्सकाल्ली’ (भाजलेले) या शब्दांवरून आले आहे. पुल्के हे मेक्सिकोतील प्राचीन पेय याहून वेगळे असून ते घायपातीच्या ताज्या रसाचे केवळ किण्वन करून बनवितात. टेकीला हा मुळात मेस्कलचाच एक प्रकार. मात्र तो निळ्या घायपातीच्या एकाच जातीपासून करतात व १९७४ पासून त्याच्या नावाला स्वतंत्र कायदेशीर संरक्षण आहे. मेस्कल मात्र अनेक जातींपासून होते आणि त्याच्या आस्वादनातील गोडी व अडचण ही दोन्ही या विविधतेतूनच निर्माण होतात.

महाराष्ट्रात घायपात शेताच्या व लोहमार्गाच्या कडेची कुंपणाची वनस्पती म्हणून परिचित आहे. तिच्या पानांपासून वाख काढून दोर वळतात. ती मूळची अमेरिका खंडातील आहे. तिच्या सु. २०० जातींपैकी बहुसंख्य मेक्सिकोत आढळतात. दख्खनच्या पठारावरील घायपातीपासून एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात भारतातही मद्य तयार होऊ लागले. तथापि मेस्कल हे नाव मेक्सिकोतील ठराविक राज्यांपुरते राखीव असल्याने ते अशा मद्यास लावता येत नाही.

मेस्कलच्या नावाला उगमस्थानदर्शक संरक्षण १९९४ मध्ये मिळाले. त्या वेळी त्यात ओआहाका, गेर्रेरो, दुरांगो, सान लुईस पोतोसी व साकातेकास ही राज्ये होती. पुढे त्यांत भर पडली. उत्पादनाचा फार मोठा वाटा ओआहाकाचाच आहे. सुधारित मानकात (२०१६, अधिकृत प्रसिद्धी २०१७) तीन वर्ग ठरविले गेले : साधे मेस्कल, कारागिरी मेस्कल व पूर्वापार मेस्कल. पहिल्या वर्गात दाबपात्रे व पोलादी स्तंभयंत्रे चालतात. कारागिरी वर्गात घायपात जमिनीतील खड्ड्यात किंवा बांधीव भट्टीत भाजावी लागते व तांब्याच्या अथवा मातीच्या भांड्यात थेट विस्तवावर ऊर्ध्वपातन करावे लागते. पूर्वापार वर्गात केवळ खड्डा, हाताने किंवा दगडी चाकाने केलेली कुटणी आणि मातीचेच भांडे यांना मुभा आहे. अल्कोहॉलाचे प्रमाण घनफळाने ३५ ते ५५ टक्के असावे लागते. अनेक लहान उत्पादक प्रमाणनाच्या खर्चामुळे किंवा इच्छेने या व्यवस्थेबाहेर राहतात व आपले मद्य ‘घायपातीचे ऊर्ध्वपातित’ अशा नावाने विकतात. त्यांतील काही मद्ये प्रमाणित मद्यांच्या तोडीची असतात. तेव्हा केवळ शिक्क्यावरून प्रत ठरवू नये.

निर्मिती व स्वादाचा उगम : फुलोऱ्याचा दांडा येण्याच्या सुमारास वनस्पतीत शर्करायुक्त द्रव्यांचा साठा सर्वाधिक असतो. हा दांडा कोवळा असतानाच छाटतात व काही महिन्यांनी, कधी अधिक काळाने, पाने तासून गड्डा काढून घेतात. अननसासारख्या दिसणाऱ्या या गड्ड्याला ‘पिन्या’ म्हणजे अननस असेच म्हणतात. त्यातील फ्रुक्टन या बहुशर्करा यीस्टला सहजासहजी आंबविता येत नाहीत. तापविलेल्या दगडांच्या खड्ड्यात, वर चोथा व माती लोटून, तीन ते पाच दिवस भाजल्यावर त्यांचे फ्रुक्टोजात रूपांतर होते. याच वेळी शर्करा व ॲमिनो अम्ले यांच्या विक्रियेतून भाजलेल्या रताळ्याची वा काकवीची आठवण करून देणारी द्रव्ये तयार होतात व लाकडाच्या धुरातील फिनॉले गड्ड्यात मुरतात. नवख्या माणसाला मेस्कल म्हणजे धूर असे वाटते ते यामुळे. परंतु धूर हा भट्टीचा गुण आहे, वनस्पतीचा नव्हे. सान लुईस पोतोसीतील जुन्या हासिएन्दांमध्ये गड्डे बांधीव भट्टीत वाफेवर शिजवीत व तेथील मेस्कलमध्ये धूर जवळजवळ नसतो.

शिजलेले गड्डे घोड्याने ओढलेल्या दगडी चाकाखाली चिरडतात किंवा लाकडी द्रोणीत मोगरीने कुटतात. नंतर ते लाकडी पिंपात, दगडी हौदात, काही ठिकाणी गाईच्या कातड्यातही आंबवितात. यीस्ट बाहेरून घालीत नाहीत. हवेतील, भिंतीवरील व चोथ्यातील जंगली यीस्ट व सूक्ष्मजंतूच हे काम करतात. थंडीत किण्वनास पंधरा दिवस लागू शकतात, उन्हाळ्यात पाच दिवस पुरतात. एकाच भट्टीवरच्या लागोपाठच्या दोन घाण्यांची चव वेगळी लागते, ती बव्हंशी या कारणाने.

ऊर्ध्वपातन साधारणतः दोनदा होते. पहिल्या ऊर्ध्वपातनातून मिळणारा सौम्य द्रव गोव्यातील काजूच्या हुर्राकाशी तुलनीय आहे. दुसऱ्यात प्रथम येणारे तीव्र ‘पुंतास’ (टोके), मधला भाग व शेवटचे सौम्य पण आंबूस ‘कोलास’ (शेपट्या) वेगळे काढतात. नंतर टोके व शेपट्या बेतून मिसळून मद्याची तीव्रता ठरवितात. कुशल कारागीर शेवटी पाणी न घालता शेपट्यांनीच तीव्रता खाली आणतो. मेस्कलच्या अंगी येणारे भरीवपण या मिश्रणावर बरेच अवलंबून असते.

मापनयंत्र नसताना तीव्रता बुडबुड्यांवरून ओळखतात. बोरूच्या पोकळ नळीत मद्य ओढून ते वरून भोपळ्याच्या वाडग्यात सोडले की पृष्ठभागावर ‘पेर्लास’ (मोती) उठतात. ते किती मोठे आहेत व किती वेळ टिकतात, यावरून अनुभवी माणूस तीव्रतेचा अंदाज सांगतो. ही केवळ समजूत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी अल्कोहॉलाचे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास असताना बुडबुडे सर्वाधिक काळ टिकतात असे दाखविले. मात्र मोती चांगले म्हणजे मद्य चांगले, असा निष्कर्ष त्यावरून निघत नाही.

जातीनुसार भेद : एस्पादीन (ॲ. अँगुस्टिफोलिया) ही सर्वांत जास्त लागवडीची जाती. ती सहा ते दहा वर्षांत तयार होते, गड्डा मोठा असतो व मुनव्यांपासून सहज वाढते. तिच्या मद्यात भाजलेल्या घायपातीचा गोडवा, लिंबूवर्गीय सुगंध व धूर ही त्रयी स्पष्ट असते. जाणकार तिला सामान्य म्हणून बाजूला सारतात, ते योग्य नाही. कारागिराचा हात तपासावयाचा असेल, तर त्याची एस्पादीन प्रथम चाखावी.

तोबाला (ॲ. पोटॅटोरम) ही लहान, रुंद पानांची, उंच डोंगरउतारावर वाढणारी जाती आहे. ती पक्व होण्यास दहा ते पंधरा वर्षे लागतात व गड्डा बहुधा काही किग्रॅ.चाच असतो. तिचे मद्य फुलांच्या व पिकलेल्या फळांच्या सुगंधाचे, काहीसे मधुर असते. तेपेस्ताते (ॲ. मार्मोराटा) कड्यांवर, खडकांच्या फटींत उगवते व पंचवीस वर्षांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त काळ फुलत नाही. कच्च्या भोपळी मिरचीचा, चिरडलेल्या हिरव्या पाल्याचा उग्र दर्प ही तिची खूण. आवडनिवडीत मतभेद होतात ते याच मद्यावर. कार्विन्स्की घायपातीचे (ॲ. कार्विन्स्की) खोड जमिनीवर बुंध्यासारखे उभे वाढते व तिचे कुइशे, मादरेकुइशे, बार्रिल, तोबासिचे असे अनेक स्थानिक प्रकार आहेत. लांबट गड्ड्यात तंतू जास्त व शर्करा कमी असल्यामुळे तिचे मद्य कोरडे, लाकडी, ओल्या दगडाच्या वासाचे लागते. आरोकेन्यो ही अमेरिकन घायपातीची (ॲ. अमेरिकाना) ओआहाकातील प्रचंड वाढणारी उपजात असून तिचे मद्य जड व रेंगाळणारे असते. हबाली (ॲ. कॉनव्हॅलिस) ऊर्ध्वपातनाच्या वेळी इतकी फेसाळते की पुष्कळ कारागीर तिच्या वाटेला जात नाहीत. ओआहाकाबाहेर गेर्रेरो व मिचोआकान येथील कुप्रेआटा ताज्या वनस्पतीच्या व फळांच्या वासाची, तर सान लुईस पोतोसी व साकातेकास येथील साल्मिआना हिरव्या मिरचीसारखी तिखट असते.

एकच नाव दोन गावांत दोन वेगळ्या जातींना व एकच जाती दोन गावांत दोन नावांनी ओळखली जाते. त्यामुळे बाटलीवर स्थानिक नावाबरोबर शास्त्रीय नाव आहे की नाही, हे पाहणे उपयुक्त ठरते.

आस्वादन व तुलना : तुलनेसाठी एका वेळी पाच-सहांहून जास्त नमुने घेऊ नयेत. प्रत्येकी १० ते १५ मिलि. पुरते. मद्य खोलीच्या तापमानाला असावे. बर्फाने सुगंध दबतात. मेक्सिकोत भोपळ्याचा वाडगा किंवा देवापुढे लावावयाच्या मेणबत्तीचा काचेचा पेला वापरतात व तो गावकी मेजवानीस योग्यच आहे. परंतु तुलनेसाठी तोंडाकडे निमुळता होणारा लहान पेला बरा. वास घेताना नाक पेल्यात खुपसू नये. अल्कोहॉलाच्या वाफेने घ्राणेंद्रिय बधिर होते. पेला हनुवटीजवळ धरून तोंड किंचित उघडे ठेवावे. दुसरी जुनी युक्ती म्हणजे दोन-चार थेंब तळहातावर चोळून अल्कोहॉल उडू द्यावे. मागे भाजलेल्या घायपातीचा वास राहिला पाहिजे. पहिला घोट केवळ तोंड ओले करण्यासाठी असतो, त्यावर मत देऊ नये. दुसरा अगदी लहान घोट जिभेवर फिरवून गिळावा व नाकाने सावकाश श्वास सोडावा. तीव्र मद्यात नंतर पाण्याचे काही थेंब घालून पुन्हा वास घ्यावा. संत्र्याच्या फोडी व घायपातीवरील अळ्या वाटून केलेले मीठ हे जेवणाच्या पंगतीत ठीक, तुलनेच्या वेळी नाही. बाटलीत अळी घालण्याची प्रथा तर विसाव्या शतकाच्या मध्यातील असून तिचा प्रतीशी काही संबंध नाही.

नमुन्यांचा क्रम सौम्याकडून तीव्राकडे ठेवावा. ४२ टक्क्यांचे तोबाला ५२ टक्क्यांच्या तेपेस्तातेनंतर पाण्यासारखे वाटते व दोष मात्र तोबालाच्या माथी येतो. नावे झाकून, पेल्यांना केवळ क्रमांक द्यावेत. त्रिकोण चाचणी यासाठी फार उपयोगी आहे : तीन पेल्यांपैकी दोहोंत एकच मद्य ओतून वेगळा पेला ओळखावयास सांगतात. जो भेद या चाचणीत टिकत नाही, त्याचे वर्णन कितीही सुंदर असले तरी ते नावावरून सुचलेले असण्याचा संभव अधिक.

मुख्य अडचण मात्र निराळी आहे. दोन बाटल्यांतील फरक जातीचाच आहे, असे बहुधा गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात एका बाटलीतील एस्पादीन तांब्याच्या भांड्यातील, तर दुसऱ्या बाटलीतील तोबाला मातीच्या भांड्यातील असू शकते. तांबे गंधकयुक्त द्रव्ये शोषून मद्य स्वच्छ करते. मातीच्या भांड्यातील मद्य जड व मातकट उतरते. सोला दे वेगा व सान्ता कातारीना मिनास या गावांची ख्याती या मातीच्या भांड्यांवरच आहे. म्हणून जातींची तुलना करावयाची तर एकाच कारागिराने एकाच भट्टीवर व शक्यतो एकाच हंगामात काढलेल्या दोन-तीन जातींच्या बाटल्या घ्याव्यात. कारागिरांची तुलना करावयाची तर उलट, एकाच जातीच्या बाटल्या निरनिराळ्या गावांतून घ्याव्यात. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत मिसळल्या की हाती फक्त आवडनिवड उरते.

दुर्मिळ जातींचा प्रश्न : तुलनेचे हे वेड वाढल्याने वन्य जातींची मागणी वाढली आहे. घायपात आयुष्यात एकदाच फुलते व मग मरते. मद्यासाठी दांडा छाटला की फूल नाही, बी नाही. एस्पादीनला मुनवे फुटतात. परंतु मुनव्यांनी वाढविलेल्या बागा एकाच झाडाच्या प्रतिकृती असल्याने रोगाला एकदमच बळी पडू शकतात. तोबालाला मुनवे फुटत नाहीत, ती केवळ बीपासून होते. तिच्या व इतर अनेक जातींच्या परागणात लांब जिभेच्या लेप्टोनिक्टेरिस वटवाघळांचा मोठा भाग असतो. या प्रजातीतील दोन जाती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १९८८ मध्ये संकटग्रस्तांच्या यादीत घातल्या. त्यांपैकी एक २०१८ मध्ये यादीतून काढण्याइतकी सावरली.

काही कारागीर आता रोपवाटिकेत बी रुजवून तोबाला डोंगरावर परत लावतात, काही शेतात सावलीत वाढवितात. शेतातील झाडे लवकर व मोठी होतात. त्यांचे मद्य रानातल्याइतके चांगले असते काय, यावर ओआहाकात वाद आहे व तो नावे झाकून चाखल्याखेरीज सुटणारा नाही. बी मिळविण्यासाठी मात्र दर हंगामात काही उत्तम झाडे न छाटता फुलू द्यावी लागतात. दहा-पंधरा वर्षे वाट पाहून झालेले ते गड्डे भट्टीत न टाकता सोडून देणे लहान उत्पादकाला परवडावे, एवढी किंमत बाटलीच्या विक्रीतून त्याच्यापर्यंत पोहोचते असे नाही.